वन्संचं नाव कुठल्या यादीत

ह्यात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. एक तर आमचं तालुक्याचं गाव लहान, उद्या कुणी दारात भांडायला यायला नको. आणि दुसरं म्हणजे हे सगळं झालंच मुळी एका नावापायी.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आता बासष्टच्या. लातूर जिल्ह्यातून लांब तिकडं किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पुढच्या एका खेड्यात त्यांना दिलं होतं. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी करायचं ठरवलं, तेव्हा वन्सं एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, पेटी उचलून आत नेऊन ठेवली. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. माझी लेकरं त्यांच्या हातचं खाऊन वाढली. लेकरं आत्या म्हणायची, म्हणून गल्लीही आत्याच म्हणते.

तर आता मुद्द्याचं. मतदान आलं की आम्ही चौघं जायचो. मी, मालक, मुलगा आणि सून. वन्सं घरी. कुणी विचारलं तर मी सांगायचे, "त्यांचं नाव तिकडं हाय, सासरी." लग्न झालेल्या बाईचं नाव सासरच्या यादीत असतं, एवढीच माझी अक्कल. माणूस अठ्ठावीस वर्षं जिथं खातोपितो तिथला नसतो का, हा विचार मला शिवला नाही. आणि खरं लिहायचं तर मला ते सोयीचंही होतं. रांगेत उभं राहून पाय दुखवून घरी यावं, तर भाकरी तयार. खोटं कशाला लिहू?

नगर परिषदेची निवडणूक कित्येक वर्षं लांबत गेली होती, तरी उभं राहणाऱ्यांची संक्रांत मात्र दरसाल जोरात. त्या वर्षी एक बाई वाण घेऊन आली. तिचा नवरा आमच्या प्रभागातून उभा राहणार होता. वाणाला स्टीलचे डबे, झाकणाचे, चांगले जाड. सोबतच्या बाईच्या हातात छापील कागद, त्यावर घरागणिक मतं. मला कुंकू लावलं, डबा दिला. सुनेला दिला. वन्सं पदर पुढं करून बसल्या होत्या. डबा पिशवीतून निघाला, आणि सोबतची म्हणाली, "वैनीसाब, ह्यांचं मत इथं न्हाई." डबा पिशवीत परत गेला. बाईनं कुंकू तेवढं लावलं, आणि हसून उठली.

वन्संनी पदर गुंडाळून घेतला. "बरं झालं," म्हणाल्या, "आपल्या फळीवर डबे मावून तरी कुठं राहिलेत."

मी माझा डबा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी हात लावला नाही. दोन दिवसांनी तुरीची डाळ निवडताना मान वर न करता विचारलं, "वैनी, मग माझं मत हाय तरी कुठं?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "चला, इचारून येऊ."

आमच्या भागाची मतदार यादी सांभाळायचं काम अंगणवाडीच्या बाईकडं आहे. वयानं माझ्या सुनेएवढी, पण सगळी गल्ली तिला बाईच म्हणते. मी वन्संना घेऊन तिच्याकडं गेले. लेकरं खिचडी खाऊन गेली होती, ती पातेली विसळत होती. हात पुसून तिनं मोबाईल काढला.

"हे बगा आजी," ती मला म्हणाली, "नगर परिषदेला वेगळी यादी नसती. विधानसभेची जी यादी असती, तीच प्रभागा-प्रभागात फोडतेत. ते एक तारीख ठरवतेत. त्या तारखेच्या आत आत्याचं नाव यादीत आलं तर आलं. मागून हरकत घेता येती, पण नवीन नाव घालता येत न्हाई."

"आन् तारीख कवा हाय?"

"अजून लागली न्हाई. पण कवाबी लागंल."

मग तिनं वन्संचं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव घालून शोधलं. जरा वेळ चक्र फिरलं. "सापडलं की! नाव तेच, नवऱ्याचं तेच, गाव तेच." आणि थांबली. "वय सेहेचाळीस लिवलंय."

मी खो खो हसले. "वन्सं, तिकडं जाऊन राहा बाई, सोळा वर्षांनी लहान हाव तुम्ही तिकडं!"

बाईही हसली. वन्सं हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ती असंल."

कोण ती, हे विचारावं लागलं नाही. त्यांच्या मागून आणलेली. एवढं आम्हाला ठाऊक होतं की नवऱ्यानं दुसरी केली. ती वन्संच्याच नावानं तिथं राहून राहिली आहे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बाईनं समजावून सांगितलं. आठ नंबरचा फॉर्म भरला की तिकडची नोंद उचलून इकडं आणता येते. नाव वन्संचं, लग्न वन्संचं, त्या मागू शकतात.

"मग तिचं?" वन्संनी विचारलं.

"तिचं कटंल तिकडून."

मी तर लगेच म्हणाले, भरा फॉर्म. माझं डोकंच फिरलं होतं. नवरा घेतला, घर घेतलं, वर नावसुद्धा? घरी आल्यावर मालक म्हणाले, "कामून जुनं उकरून राहिल्या तुम्ही दोघी? कुणाला काय फरक पडतोय एका मतानं?" मी म्हणाले, "तुम्ही एक खेप नका जाऊ मत टाकायला, मग सांगा."

वन्संनी एवढंच म्हटलं, "मला आधी तिला बघायचंय."

शिमग्याच्या आधी आम्ही निघालो. नांदेडपर्यंत एक एसटी, तिथून किनवटची दुसरी, बायकांना अर्धं तिकीट. रस्ताभर वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. इस्लापूर जवळ आल्यावर एकदाच बोलल्या, "पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी सुटलं की रात्रंदिवस घूं घूं आवाज. पहिली दोन वर्षं मला झोप यायची न्हाई." पुढं ऑटोनं गेलो. मी मनात भांडणाची सगळी तयारी करून बसले होते, पहिलं वाक्य काय, दुसरं काय.

घर पत्र्याचं. अंगणात एक बाई गोणपाटावर लाल मिरच्यांचे देठ मोडत बसलेली. बारीक, उन्हानं करपलेली, सेहेचाळीसची साठीला आल्यासारखी. तिनं वन्संकडं बघितलं, कपाळावरच्या गोंदणाकडं बघितलं, ती खूण तिला गावानं सांगितली असणार, आणि उठून उभी राहिली.

"आक्का?"

माझी पहिली-दुसरी सगळी वाक्यं तिथंच राहिली. तिनं गोणपाट झटकून अंथरलं, पाणी दिलं. वन्सं बसल्या आणि बसल्या जागी मिरचीचे देठ मोडायला लागल्या. त्या हात रिकामा ठेवू शकत नाहीत. मीच मग सांगितलं, कशासाठी आलोय, यादीत काय सापडलं.

ती हळू आवाजात बोलायला लागली. "मला काय ठाव न्हवतं, आक्का. लग्नात ताटात तांदूळ पसरून नाव ठेवतेत न्हाई का, तसं त्यांनी अंगठीनं नाव काढलं. माझी आत्या म्हणली, आवो, ह्या नावाची तर पहिली हाय की. तर सासरे म्हणले, रेशन कार्डावर हेच हाय, नाहक कशाला बदलत बसायचं."

नाहक! लग्नात नवरीचं नाव बदलायची आमच्याकडं रीत आहे, वन्संचंही असंच बदललं होतं, माझंही. पण नवीन बाईला जुन्या बाईचं नाव, तेही कार्ड बदलायचा कंटाळा म्हणून, हे मी उभ्या हयातीत ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. बाजेवर पडून असलेला माणूस. "कोण आलंय गं?"

"कोण न्हाई. मतदान यादीचे लोक आलेत."

"काय म्हणतेत?"

"नाव बराबर हाय का, इचारून राहिलेत."

"मग सांग की, बराबर हाय म्हणून!"

वन्संच्या हातातली मिरची थांबली. क्षणभरच. मग देठ मोडला आणि मिरची ढिगात टाकली. आत जायचं का, म्हणून मी डोळ्यांनी विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

चहा झाला. निघताना ती आमच्या मागं रस्त्यापर्यंत आली. "आक्का, नाव घेऊन जाता का?" तिनं विचारलं. भांडणाच्या सुरात नाही. "तुमचंच हाय, मी कोण न्हाई म्हणणार? पण माझ्या आईबापानं ठेवलेलं कुठल्याच कागदावर न्हाई. मी साळंत गेलेच न्हाई. हे गेलं तर रेशन, मतदान, सगळ्यातून मी गेले बगा."

वन्संनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "डोळ्याला मिरचीचा हात लावू नको." ती रडत होती म्हणून.

परतीच्या एसटीत मी पार गोंधळून गेले होते. जाताना एकीची बाजू होती, येताना दोघींची झाली. भोकरच्या स्टॅण्डवर गाडी थांबली, तेव्हा वन्संनीच तोंड उघडलं. "वैनी, ते नाव त्या घरानं घातलेलं. त्या घरातच राहू द्या."

"आन् तुमचं मत?"

"मला बापानं ठेवलेलं हाय ना एक. चौथीचा दाखला हाय त्या नावाचा."

आणि खरंच की! आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा दुसरा कागद नाही म्हणून मालकांनी त्याच दाखल्यावर काढलं होतं. बापाचं नाव, आमचा पत्ता. इतकी वर्षं ते कार्ड डब्यात पडून होतं आणि मी सांगत फिरत होते, नाव तिकडं हाय.

अंगणवाडीच्या बाईनं सहा नंबरचा फॉर्म काढला, नवीन मतदाराचा. "आत्या, बासष्टाव्या वर्षी नवमतदार! फॉर्म इचारतोय, अठरा पूर्ण झाले का."

"लिही, नुकतेच झालेत," वन्सं म्हणाल्या.

"नातं काय टाकू, वडील का पती?"

"वडील."

"लग्न झालेल्या बाया पतीचं टाकतेत."

"टाकू दे की त्यांना."

पुढचा प्रश्न होता, याआधी कुठल्या यादीत नोंद आहे का. बाईचा अंगठा थांबला. तिनं बराच विचार केला, मग म्हणाली, "त्या नोंदीचं वय तुमचं न्हाई. फोटो तुमचा न्हाई. त्या नोंदीचं मतदान कार्ड तुमच्या हातात कवा आलं न्हाई. मग तुमची नोंद कुठंच न्हाई, आत्या." घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर लागत होता. मालक स्वतःचं कार्ड घेऊन आले आणि एकेक आकडा चष्मा वर करून वाचून दाखवला. फरक काय पडतो म्हणणारे हेच.

उन्हाळ्यात तारीख लागली. नाव त्याच्या आत आलं होतं, पण दिवाळीच्या सुमाराला प्रभागांच्या याद्या नगर परिषदेत लागल्या, तर आमच्या प्रभागात वन्संचा पत्ता नाही! सून पानं चाळत बसली, तेव्हा नाल्यापलीकडच्या प्रभागात सापडल्या. आम्ही चौघं अलीकडं, त्या पलीकडं, आणि घर एकच. मी तिथंच बाकड्यावर बसून माझ्या हातानं हरकतीचा अर्ज लिहिला. मी शाळा बघितली नाही, लेकरांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, त्यामुळं माझ्या ऱ्हस्वदीर्घाला कुणी हसलं असेल तर हसू दे. अंतिम यादीत नाव अलीकडं आलं.

मतदानाच्या दिवशी थंडी चांगलीच होती. शाळेत बायकांची रांग, वन्सं माझ्या पुढं. भाकरी त्या दिवशी कुणीच केली नव्हती. आत टेबलाशी बसलेल्या कर्मचाऱ्यानं वन्संची चिठ्ठी बघितली आणि एजंट लोकांना ऐकू जावं म्हणून रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचलं. वन्संचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव.

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. खोलीत ते नाव घुमल्यासारखं झालं. मीसुद्धा ते असं भर लोकांत, पूर्ण, कधी ऐकलं नव्हतं. कर्मचाऱ्यानं पुन्हा वाचलं. आमच्या गल्लीतला एक एजंट बाकावरून वाकून म्हणाला, "हे कोण? ही तर आपली आत्या हाय. आत्या, हे नाव तुमचं हाय का?"

"माझंच की," वन्सं म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचंच न्हाई." आणि शाई लावायला डावा हात टेबलावर ठेवला.