ऑर्व्हल टॉर्सनचा उजवा पाय

आमच्या दरीत मोठी गाडी घेऊन येणारा माणूस एक तर वाट चुकलेला असतो, नाही तर कुणाच्या मातीला आलेला. ऑर्व्हल टॉर्सन दोन्हींतला नव्हता. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्याची घरगाडी, बसएवढी लांब, ओढ्यावरच्या पुलावरून हळूहळू आली आणि चर्चच्या आवारात थांबली. आवाराची देखभाल माझ्याकडे असते. मी गवत कापत होतो.

"रात्रीपुरती इथं लावली तर चालेल का?" खाली उतरत त्यानं विचारलं.

"रात्रीपुरती कशाला? उद्या उपासना आहे, नंतर जेवण. जेवूनच निघा."

"जेवण म्हटलंत, आता हा हलायचा नाही," गाडीतून बाईचा आवाज आला. ती आर्डिस, त्याची बायको.

दोघं नॉर्थ डकोटाची. ऑर्व्हल जन्मभर सरकारी गाडीनं रस्त्यावरचा बर्फ बाजूला करायचा. पहाटे रस्ता मोकळा करायचा आणि परत फिरायचं. त्या रस्त्यानं लोक कुठं कुठं गेले, तो कधी गेला नाही. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं, ही घरगाडी घेतली आणि एकच नेम केला: रविवारी जे गाव लागेल तिथल्या चर्चमध्ये जाऊन बसायचं, मग ते कुठल्याही पंथाचं असो. कुठं ढोल वाजत, कुठं तासभर कुणी ओठ उघडत नसे. दोघं सगळीकडे सारख्याच भक्तीनं बसली, आणि जिथं बसली तिथली माणसं त्यांची झाली. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर आर्डिसचा फोन सारखा वाजत होता. कुठल्या कुठल्या गावांतले लोक विचारत होते, पोचलात का, जेवलात का.

माझी बायको डेल्फिया हिनं घेवडा आणि मक्याची भाकर वाढली. आर्डिसनं बटाट्याच्या पोळ्या आणल्या होत्या, लोणी-साखर लावलेल्या.

"एवढी पातळ? हिच्यातून तर पलीकडचा डोंगर दिसतोय," डेल्फिया म्हणाली.

"आणि तुमची ही भाकर वाऱ्याच्या दिवशी दाराला लावायला बरी," आर्डिस म्हणाली. तिथून त्या दोघी बहिणी झाल्या.

आर्डिसनं समुद्र पाहिला नव्हता. आता डोंगर उतरला की पूर्वेला समुद्र, तिथवर ऑर्व्हल तिला नेणार होता. गाडी एकटा तोच चालवायचा.

त्या वेळी मला ठाऊक नव्हतं ते इथंच सांगतो. ऑर्व्हलला साखरेचा आजार होता आणि पायांची जाणीव गेली होती. टेक्ससमध्ये तंबूची खुंटी त्याच्या उजव्या तळव्यात घुसली. त्याला कळलंसुद्धा नाही, रक्ताचा डाग पाहून कळलं. जखम भरेना. डॉक्टरनं पाहिलं तर गाडी बंद होणार, आणि आर्डिस तर आजच घरी चल म्हणणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो पट्टी बांधायचा, वर दोन मोजे चढवायचा आणि गप्प राहायचा.

दुसरा दिवस आमच्याकडचा पाय धुण्याचा रविवार होता, येशूनं शिष्यांचे धुतले तसे एकमेकांचे. वर्षातून एकदाच येतो. प्रवासात ऑर्व्हल एक गोष्ट शिकला होता: पाहुणा पुढच्या बाकावर बसला की पाळक खूश होतो. इतर चर्चमध्ये पुढची बाकं रिकामीच असतात म्हणे. तो सरळ पुरुषांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर जाऊन बसला, आर्डिस बायकांच्या बाजूला, डेल्फियाशेजारी. आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसेल त्याचे पाय धुतले जातात. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, सभासदांपुरतं, पण पाय आम्ही कुणाचेही धुतो. पाहुण्याला ऊठ म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

आमच्याकडे वाद्य नाही, नुसते गळे. गाणं सुरू झालं. मी कमरेला टॉवेल बांधला, पाण्याचं भांडं घेतलं आणि ऑर्व्हलपुढे गुडघ्यांवर बसलो. तो आधी दचकला, मग त्यानं डावा बूट काढला. पाय दुधासारखा पांढरा.

"याला कधी ऊन दाखव, भाऊ," मी हळूच म्हणालो. पाय धुताना आम्ही सगळ्यांना भाऊच म्हणतो.

उजवा पाय त्यानं बाकाखाली ओढला. "एक पुरे."

"दोन्ही धुतो आम्ही."

भोवती सगळे वाकलेले, पाण्याचा आवाज, वर ते गाणं. नाही म्हणणं त्याला जमलं नाही. दोन मोजे निघाले, पट्टी निघाली, आणि वास आला. अंगठ्याखाली खोल जखम होती, कडा काळ्या पडलेल्या.

"दुखत नाही," तो म्हणाला.

"माझ्या थोरल्या भावाचंही दुखत नव्हतं. पाय कापावा लागला, लाकडी पायावरच मेला तो."

"हिला सांगू नको. एकदा समुद्र दाखवतो, मग बघू."

मी भांडं जवळ ओढलं. जखमेभोवती हलकेच पाणी घातलं, कोरडं केलं, स्वच्छ टॉवेल गुंडाळला. आता त्याची पाळी होती. ज्याचे पाय धुतले त्यानं धुणाऱ्याचे धुवायचे, आणि सगळ्यांचे होईपर्यंत गाणं थांबत नाही. तो खाली बसला. मी माझ्या बुटाची नाडी सोडली नाही.

"आधी तिला दाखव. मग माझे पाय."

"इथं?"

"इथं."

गाणं संपलं आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू झालं. बाकीच्या भांड्यांतला आवाज थांबला होता. पाळकानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. आमच्यात पाय धुवून घ्यायला नकार देणं म्हणजे माणसाला दारातून परत पाठवणं. ते मी करत होतो, माझ्या बापाच्या चर्चमध्ये, पाहुण्याला.

ऑर्व्हल उठला. मधली वाट ओलांडून तो बायकांच्या बाजूला गेला, जिथं त्या दिवशी पुरुष कधी जात नाही. आर्डिसचे पाय डेल्फियाच्या भांड्यात होते. तिच्याशेजारी बसून त्यानं आपला पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि टॉवेल सोडला.

आर्डिस जखमेवर वाकली.

"कधीपासून?"

"टेक्सस."

"तरीच मोजे स्वतः धुवायला लागला होतास. मला वाटलं, म्हातारपणी सुधारलास."

मग तिनं ती टाच दोन्ही हातांत धरली, तान्ह्या मुलाचं डोकं धरतात तशी, आणि मान खाली घातली. तिचे पाय पाण्यातच होते. डेल्फियानं गाण्याची ओळ सोडली नाही, बाकीच्यांनीही नाही. ते गाणं मी जन्मापासून ऐकतो आहे. त्या सकाळी ते माणसांच्या गळ्यांतून येत नव्हतं. ते लाकडातून, जमिनीतून, चर्चमागच्या थडग्यांतून वर येत होतं. मी नाडी सोडली. तो लंगडत परत आला आणि त्यानं माझे पाय धुतले.

जेवणाला न थांबता मी त्यांना माझ्या गाडीतून इस्पितळात नेलं. दोन बोटं गेली, पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. आणि गाडी चालवणं बंद.

घरगाडी उन्हाळाभर चर्चच्या आवारात उभी राहिली. दरीतली माणसं पाळीपाळीनं जेवण आणत. डेल्फियाला बटाट्याच्या पोळ्या येऊ लागल्या. आणि एके सकाळी आर्डिस घरगाडीची किल्ली घेऊन माझ्याकडे आली.

"तुझं गवताचं रान रिकामं आहे ना? त्यात चालवायला शिकले तर काय मोडेल?"

"कुंपण," मी म्हणालो.

कुंपण दोनदा मोडलं. ऑर्व्हल बांधावर खुर्चीत, पाय उशीवर ठेवून ओरडायचा, "आरशात बघ, आरशात!"

"आरशात तू दिसतोस, म्हणून बघत नाही."

सप्टेंबरात ती दोघं निघाली. ओढ्यावरचा पूल जेमतेम गाडीएवढा आहे. आम्ही सगळे काठावर उभे होतो. आर्डिसनं पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवली, काच खाली केली.

"समुद्राला कुठून वळायचं?"

"खिंडीनंतर डावीकडे."

"मला माहीत होतं," शेजारच्या सीटवरून ऑर्व्हल म्हणाला.

"तू पाय वर ठेव," ती म्हणाली, आणि चाकं पुलावर चढली.