सगळ्यांना गेलेला अलर्ट

"ताई, माझं मंडळ एकच हाय. अन् गुरुवारी दोन गावं बोलावून राह्यले. आता हिरो इकडे पाठवू अन् हिरोईन तिकडे?"

मंगळवारी सकाळी साडेदहाला वडशाहून निर्मलाबाईंचा फोन आला, तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात चहाचा पहिला घोट घेत होते. दुसरा घोट काही घेतला नाही.

निर्मलाबाई एका झाडीपट्टी नाट्यमंडळाच्या मालकीण. आमच्याकडे, पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्टीत, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे गावची जत्रा. लेकी-जावई येतात, पाहुणेरावळे येतात, आणि त्या दिवशी गावात नाटक हवंच. ही नाटकं देणाऱ्या मंडळांची ऑफिसं वडशात आहेत. होळीपर्यंत ती रोज एका नव्या गावात असतात. तारीख ठरते ती बहुतेक तोंडी शब्दावर. एका गावाची मंडई नाटकावाचून गेली, तर पुढच्या वर्षी आजूबाजूची दहा गावं त्या मंडळाला दारात उभं करत नाहीत.

निर्मलाबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. एक सीझन मंडळ बंद होतं. "बाईमाणसाच्यानं होणार नाई," असं सांगणारे वडशात पुष्कळ होते. बाईंनी ऐकलं नाही आणि यंदा मंडळ पुन्हा उभं केलं. त्यांचा हा पहिला सीझन. म्हणजे त्यांचा शब्द चालतो की नाही, हे यंदाच ठरणार होतं. आणि त्यांना आमचं बुकिंगचं ॲप घ्यायला लावलं होतं मी.

मी मूळची वरोऱ्याची. पुण्यात एका मोठ्या कंपनीत नऊ वर्षं ॲप बंद पडलं की धावायचं काम केलं आणि मग घराजवळ आले. इथली कंपनी सहा जणांची. मालक वासुभाऊ. मोठ्या मनाचे गृहस्थ, फक्त त्यांना व्हॉट्सॲप ग्रुपचं फार. ऑफिसातला माठ भरायलाही आमचा एक ग्रुप आहे.

आधी झालं काय ते सांगते. मंडळाचे दोन एजंट गावोगाव फिरून तारखा घेतात आणि मोबाइलवर नोंदवतात. जंगलाच्या भागात नेटवर्क नसतं. म्हणून बुकिंग आधी फोनमध्येच राहतं आणि नेटवर्क मिळालं की आमच्या सर्व्हरवर जातं. याला आम्ही सिंक म्हणतो. सिंक झालं की ती तारीख दुसऱ्या एजंटच्या फोनवर लाल होते.

मी सर्व्हर उघडून बघितला. सिंक रविवारी सकाळपासून बंद. डिस्क भरली होती, इतकं साधं कारण. एका एजंटने रविवारी दुपारी कुरखेड्याच्या बाजूच्या एका गावाला गुरुवार दिला. तो सर्व्हरवर पोचलाच नाही. दुसऱ्याने सोमवारी तोच गुरुवार ब्रह्मपुरीच्या बाजूच्या गावाला दिला. त्याच्या फोनवर तारीख हिरवी होती, त्याची काय चूक?

जागा करून सिंक चालू करायला मला अकरा मिनिटं लागली. पण दिलेला शब्द कुठून डिलीट करणार?

"अलर्ट काऊन आला नाई?" वासुभाऊंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. तीनच आठवड्यांपूर्वी मी मोठ्या ऐटीत मॉनिटरिंग जोडलं होतं. मॉनिटरिंग म्हणजे एक प्रोग्रॅम दर मिनिटाला सर्व्हरची नाडी बघतो आणि काही बिघडलं की ओरडतो. हे ओरडणं मी थेट ऑफिसच्या ग्रुपमध्ये सोडलं होतं. "आता काही बंद पडलं की आपल्याला ग्राहकाच्या आधी कळेल," असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. वासुभाऊंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ग्राहकांनाही त्याच ग्रुपमध्ये घेतलं. म्हणे, आपण किती काम करतो ते त्यांनाही दिसू दे. पहिला अलर्ट पडला, तेव्हा नवीन माणूस आला समजून त्यांनी त्याला 'वेलकम'ही लिहिलं होतं.

मी ग्रुप मागे सरकवत नेला. रविवार, नऊ चाळीस. अलर्ट आलेला होता. 'बुकिंग सिंक बंद', ठळक अक्षरांत. त्याच्या वर गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ. खाली वासुभाऊंचे जोडलेले हात. त्याखाली आमचा डेव्हलपर प्रफुल्ल, त्याचा अंगठा. त्याखाली माझाही अंगठा. आणि सगळ्यांत शेवटी निर्मलाबाईंचे जोडलेले हात.

आपलीच गुरुवारची तारीख बुडवणाऱ्या बातमीला बाईंनी नमस्कार केला होता.

आमच्याकडे थोरामोठ्याच्या मेसेजला उत्तर न देणं म्हणजे शिंग फुटल्याचं लक्षण. वासुभाऊंनी हात जोडले की खाली रांग लागते. मशीनच्या मेसेजलाही तोच मान मिळाला.

"प्रफुल्ल, तू अंगठा टाकलास ना? मग बघितलं का नाहीस?"

"मॅडम, तुम्ही पण टाकला. मले वाटलं, तुम्ही पाहून राह्यल्या."

आणि मला वाटलं होतं, तो बघतोय. मी वरोऱ्याला मावसबहिणीच्या साखरपुड्यात होते. वासुभाऊंना वाटलं होतं, हा चांगल्या कामाचा रिपोर्ट आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला बोलणार?

खरा दोष माझा होता. मी डिस्क भरत आल्याचे, मेमरी थोडी वाढल्याचे, सगळे बारीकसारीक इशारेही त्याच ग्रुपमध्ये सोडले होते. डिस्क भरत आल्याचा इशारा शुक्रवारपासून येत होता. रोज पन्नास-साठ मेसेज. लोकांनी ते वाचणं कधीच सोडलं होतं, फक्त शिष्टाचार तेवढा चालू होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मी फोन करून समजावतो बाईले," वासुभाऊ म्हणाले.

"फोनने नाही होणार. मी जाते."

बुधवारी सकाळच्या गाडीने वडशाला उतरले. निर्मलाबाई स्टेशनवर आल्या होत्या. मला वाटलं होतं, रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "चाला ताई, आधी गावात जाऊ. भांडण मंग करू."

कुरखेड्याकडच्या गावाने तारीख आधी घेतली होती, म्हणून गुरुवार त्यांचाच. ब्रह्मपुरीकडच्या गावाला समजवायचं होतं. मंडईच्या कमिटीचे अध्यक्ष घराच्या ओट्यावर बसले होते. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस.

मी हात जोडून सांगितलं, "चूक आमच्या ॲपची आहे. बाईंची नाही."

बाईंनी मला मध्येच थांबवलं. "चूक कोनाचीबी असो भाऊ, शब्द माझा होता. गुरुवारी मी येऊ शकत नाई. शुक्रवारी येतो. मंडळाले सुट्टी होती तो दिवस. सुट्टी नाई घेत आमी."

"मंडई गुरुवारची," अध्यक्ष म्हणाले. "जावई येऊन राह्यले. नाटक नसलं त संध्याकाळी काय एकमेकायचं तोंड पाहात बसू?"

मला लाजेने वर बघवत नव्हतं. जिला एक-एक गाव पुन्हा जोडायचं होतं, तिला मी इथे आणून उभं केलं होतं.

तेवढ्यात आतून अध्यक्षांच्या बायकोचा आवाज आला. "शुक्रवारीच ठेवा न जी. पोरी एक दिवस जास्त राह्यतीन. कोंबडी तशीबी दोनदा करा लागते."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "शुक्रवारी सातले पडदा उघडला पाह्यजे. नाई उघडला, त तुमचं मंडळ आमच्यासाठी मेलं."

"उघडतेच," बाई म्हणाल्या.

वडशाला परतलो, तर माझ्या गाडीला दोन तास होते. मंडळाची तालीम चालू होती, बाईंनी तिथेच बसवलं. झाडीपट्टीत नट रोज वेगळं नाटक करतात, पाठ करायला वेळ कुठला? सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. या मंडळाचे प्रॉम्प्टर दादाजीभाऊ, साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेले. रंगमंचाच्या पुढच्या बाजूला खाली बसून ते वही बघत वाक्यं पुरवत होते.

खलनायक अडला. दादाजीभाऊंनी त्याच्याकडे बघून वाक्य सोडलं. तो गप्पच. त्यांनी तेच वाक्य जरा चढ्या आवाजात दिलं. तरी तो ढिम्म. मग त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या नटीला काहीतरी सांगितलं. तिने लगेच खलनायकाचा दंड धरला आणि त्याचं वाक्य प्रश्न करून स्वतःच म्हणून टाकलं. खलनायक "हो!" म्हणून ओरडला. नाटक पुढे गेलं.

मध्यंतरात मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "दादाजीभाऊ, स्टेजवर सहा जण होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं का नाही सांगितलं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे, शाळेत न गेलेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. "सगळ्यायले सांगतलं त सगळे चूप राहातेत, मॅडम. ज्याले त्याले वाटते, हे दुसऱ्याचं वाक्य हाय. ज्याचं हाय त्यालेच सांगाव. दोनदा सांगाव. नाई उचललं, त बाजूच्याले. तोबी नाई, त पडदा पाडनाऱ्याले."

पुण्याच्या कंपनीत याच गोष्टीचं मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. सर्टिफिकेटही होतं माझ्याकडे. चंद्रपूरला येऊन, सहाच तर माणसं आहेत, असं म्हणत मी ते सगळं बासनात बांधून ठेवलं होतं.

परतीच्या गाडीत मी नवी मांडणी कागदावर काढली. बारीकसारीक इशारे कोणालाच पाठवायचे नाहीत. ते रोज सकाळी एकदा वाचायच्या यादीत जातील. ग्राहकाचं काम अडेल असा अलर्ट मात्र आधी इन्सिडेंटच्या टूलमध्ये जाईल. इन्सिडेंट म्हणजे खरोखरचा खोळंबा. या टूलमध्ये कोणत्या दिवशी कोणाची पाळी, हे आधीच लिहिलेलं असतं. ते मेसेज टाकत नाही, पाळी असलेल्याला फोन लावतं. त्याने 'मी घेतलं' हे बटण दाबलं नाही, तर पाच मिनिटांनी पुन्हा लावतं. मग दुसऱ्याला. मग वासुभाऊंना. ग्रुपमध्ये फक्त एक ओळ पडणार, काम कोणी घेतलं त्याची. आणि त्या ओळीखाली कोणाला काही लिहिता येणार नाही.

शेवटच्या अटीवर वासुभाऊ अडले.

"निदान हात जोडता आले पाह्यजे न. लोकायले वाटन, आपण गर्विष्ठ झालो."

"भाऊ, हात जोडायला माठाचा ग्रुप आहे."

"अन् मले काऊन फोन लावते ते? मले सर्व्हर कुठी कळते?"

"म्हणूनच तुम्ही शेवटी आहात. तुम्हाला फोन आला, तर समजायचं आम्ही दोघं मेलो."

"असं अशुभ बोलू नये," म्हणाले, पण नंबर दिला. ग्राहकांनाही आम्ही त्या ग्रुपमधून बाहेर काढलं. निर्मलाबाईंना वाईट वाटलं. रोज इतके मेसेज यायचे, घर भरल्यासारखं वाटायचं म्हणे.

शुक्रवारी सातला त्या गावात पडदा उघडला. मी गेले नव्हते, बाईंनी फोटो पाठवला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, शेजारी जावई. दोघं नाटकच बघत होते.

जानेवारीत सिंक पुन्हा बंद पडलं. यावेळी आमच्याच एका अपडेटमध्ये खोट होती. प्रफुल्लची पाळी होती आणि तो सलूनमध्ये अर्धी दाढी करून बसला होता. फोन वाजला, त्याने उचलला नाही. पाच मिनिटांनी परत वाजला. त्याने बटण दाबलं आणि तसाच अर्ध्या दाढीने ऑफिसात आला. अपडेट मागे घेतलं, सिंक सुरू झालं. नंतर नोंदी बघितल्या, तेव्हा समजलं. एका एजंटच्या फोनमध्ये शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवसाचं बुकिंग अडकून होतं. दुसरा एजंट त्याच तारखेसाठी एका सरपंचाकडे बसला होता. सरपंचाने पान लावेपर्यंत तारीख लाल झाली. एजंटने दुसऱ्या दिवसाचा शब्द दिला आणि निघाला. निर्मलाबाईंना यातलं काहीच कळलं नाही.

होळीनंतर त्या चंद्रपूरला आमच्या ऑफिसात आल्या. सोबत मोहफुलांच्या लाडवांचा डबा. सीझन चांगला गेला होता. ब्रह्मपुरीकडच्या त्या गावाने पुढच्या मंडईची तारीख आत्ताच धरली होती, वर शेजारची दोन गावंही जोडून दिली होती. "एकबी शब्द खाली पडला नाई," त्या म्हणाल्या. वडशात आता त्यांना कोणी बाईमाणूस म्हणत नाही, मालक म्हणतात.

मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "पण एक सांगू का, ताई? राग नोका मानू. दिवाळीत तुमी धावपळ केली, ते दिसलं. त्याच्यानंतर सीझनभर तुमच्या ऑफिसनं काहीच केलं नाई. सगळं आपोआपच चाललं."

वासुभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. प्रफुल्लने बोलायला तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"हो बाई," मी म्हटलं, "काहीच केलं नाही."

आमच्या धंद्यात धावणाऱ्याचं नाव होतं. पण काम चोख झालं, की लोक विचारतात, हे दिवसभर करतात तरी काय? मी नव्या पोरांना सांगते, हा प्रश्न ऐकू आला की उत्तर देत बसायचं नाही. गप लाडू खायचा.