मेमरीची पट्टी

मी शिकलो तो दळवी बाईंमुळे. शाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरला आम्ही खंडेनवमीलाच हात लावायचो, हळदकुंकू वाहायला. एकदा माझ्या चिमटीतलं कुंकू जाळीतून आत सांडलं. मी रडायलाच लागलो. बाईंनी स्क्रू काढून डबा उघडला, पंखा पुसला आणि मेमरीची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

"मोडली तर, बाई?"

"मी बघेन. तू बसव."

पट्टी खटकन बसली. वीज गेली की ती सगळं विसरते, असं बाई म्हणाल्या होत्या. माझ्या बोटांत मात्र तो खटका अजून आहे.

आज ऑफिसातली नवी मुलगी उघड्या कॉम्प्युटरसमोर हात मागे बांधून उभी राहिली. संध्याकाळी मी पत्र लिहिलं: "बाई, आज मीही कुणाला तरी म्हणालो, मी बघेन, तू बसव."