काकूच्या नावानं काढलेलं फर्मान

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला आमचं गाव. त्या दुष्काळात शहर आमच्या शिवारात घुसत होतं. आदल्या साली तूर होती तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले होते. काकू सरपंच होती. सह्या ती करायची, कारभार काका बघायचा. वरच्या वस्तीसाठी दोन टँकर मंजूर होते. त्यातला एक काका परस्पर बांधकामांवर वळवायचा. वस्तीवरच्या बाया हंडे लावून दिवसभर रस्त्याकडं बघत बसायच्या.

मी कॉलेजात होते, वडिलांनी आणलेली चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. मला चैन पडेना. त्याच दिवसांत दौलताबादच्या चारशे वर्षांपूर्वीच्या दरबाराविषयी वाचत होते. वजिरानं सुलतानाला संपवलं, त्याच्या लहान पोराला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं राज्य चालवलं. कुणाचा कुणावर विश्वास नाही, मुघलांशी आतून बोलणी, आणि किल्ल्याबाहेर दुष्काळात माणसं मरतायत. फर्मानावर नाव मात्र पोराचं. वाचता वाचता मला गादीवर काकूच दिसायला लागली.

मी पत्रक लिहिलं. पोराची सगळी हकिगत सांगून शेवटी लिहिलं, ‘माझ्या सहीनं वस्तीचं पाणी विकलं जात आहे.’ खाली काकूचं नाव. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी घरोघर वाटलं.

संध्याकाळी काकू पत्रक घेऊन आली.

“व्हय गं, हे मी कवा म्हनले?”

“काकू, तुझ्यासाठीच लिहिलं...”

“त्या लेकराला न इचारता वजीर त्याच्या नावानं हुकूम काढायचा, असं तूच लिव्हलंस. मंग तू येगळं काय केलंस?”

मी पत्रक परत घ्यायला हात पुढं केला, तिनं ते दिलं नाही.

“उद्या सभेत मी बोलणारच व्हते. आता हे म्हनतील, पुतणीनं पढवलं.”

तसंच झालं. भर सभेत काका हसत म्हणाला, “हिला कुठलं सुलतान-बिलतान ठावं? पोरीनं लिहून दिलंय समदं.” माणसं खो खो हसली.

काकू उठली. “पत्रक माझं नाय. फाडून टाका. पण दोन्ही टँकर वस्तीवरच जातील, हे म्हननं माझं हाय. लिव्हा ठरावात.”

ग्रामसेवकानं काकाकडं पाहिलं.

“तिकडं काय बघताय? सरपंच हिकडं हाय.”

त्यानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः टँकरच्या केबिनमध्ये चढून बसली. मीही पायरीवर पाय ठेवला.

“तू चालत ये,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

वस्ती चढावर होती. मी चालायला लागले.