गफ्फारभाऊची म्हैस

नव्वदच्या दशकात धानोऱ्याला गफ्फार लोहाराच्या भट्टीवर कुऱ्हाड घ्यायला गेलं, की आधी चांद्याची लढाई ऐकून घ्यावी लागे. त्याचे पूर्वज म्हणे राजाच्या फौजेसाठी कुऱ्हाडी आणि हातोडे घडवत. एक घाव बसला की लोखंडी टोपासकट डोकं खांद्यात! राजा कोणता आणि शत्रू कोण, हे दर खेपेला बदलायचं. हत्याराचं वजन तेवढं वाढत जायचं.

त्याबरोबर गफ्फारच्या कुऱ्हाडीही वाढत गेल्या. गिऱ्हाईक त्यांना गफ्फारभाऊची म्हैस म्हणत. इथला जंगलातला माणूस बाजाराला काय, लग्नालाही कुऱ्हाड खांद्याला अडकवूनच निघतो. म्हैस अडकवून तो किती चालणार? एकेक जण कारखान्यातली हलकी कुऱ्हाड घेऊ लागला. गफ्फार तिला भाजी चिरायची सुरी म्हणे, पण रिकाम्या भट्टीपुढे बसून त्याचा जीव तुटत असे.

"अजी, थोडी हलकी करा ना," बायको मलिका म्हणायची.

"बापदाद्याचं नाव बुडवू काय?"

एक दिवस त्याचं जुनं गिऱ्हाईक, बिरजू, दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आला. शेतात पाणी साठवायला बोडी खोदताना भाल्यांची टोकं निघाली होती आणि त्यांच्यासोबत दांडा नसलेली, गंजलेली एक कुऱ्हाड.

"भाल्यासंगं निघाली म्हंजे लढाईचीच!" गफ्फार उठलाच. "मलिका, बाहेर ये! बिरजू, सांभाळून दे, पाय फुटन कोनाचा."

बिरजूनं ती एका हातानं पुढे केली. गफ्फारनं दोन्ही हात लावून, दम रोखून उचलली, ती थेट त्याच्या नाकापर्यंत आली.

"गंजानं खाल्ली," तो घाईनं म्हणाला.

पण शेवटी जातीचा लोहार. त्यानं गंज खरवडला, दांड्याच्या भोकात बोटं घातली. दोन बोटांत भोक भरलं. गंजानं भोक मोठं होतं, बारीक होत नाही. एवढ्या बारीक दांड्यावर त्याची म्हैस बसवली असती, तर पहिल्याच घावाला दांडा मोडला असता.

"शिपाईबी पायीच गेला असन ना भाऊ लढाईले," बिरजू म्हणाला. "आमच्यावानीच, खांद्यावर घेऊन."

गफ्फारचं भट्टीच्या मागेच घर. कुऱ्हाड खांद्यावर घेऊन तो जन्मात कधी चालला नव्हता. त्याला मनापासून लाज वाटली. मलिका पदर तोंडाला लावून हसत होती.

"आजे-पणजे शहाणेच होते," तो अखेर म्हणाला. "म्हैस मीच पाळली. बस बिरजू, तुले नवी करून देतो."

पातळ पात्याची कुऱ्हाड झाली, दांडा बसला. ती द्यायच्या आधी गफ्फारनं स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि बाजारभर फेरी मारायला निघाला.

"कोन्या लढाईले निघाले भाऊ?" लोक विचारत. तो मान वर करून चालत राहिला.

फेरी संपवून तो मागच्या दारानं घरात शिरला, हातपाय धुतले, ताटावर बसला. दोन घास खाल्ले, तोच मलिका दारात आली.

"अजी, बिरजू बाहेर ताटकळून राह्यला. त्याची कुऱ्हाड कुठी आहे?"

"मले काय विचारतेस? देली नाई काय त्याले?" असं म्हणत गफ्फार उठायला गेला, तेव्हा दांडा भिंतीला लागला.