डेल्फिना सांदोवालचा तळहात

डेल्फिना सांदोवालला कानांनी दगा दिला तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. आधी डावा गेला, मग उजवाही. सकाळी कोंबडा आरवतो की नुसताच चोच उघडून उभा राहतो, हे तिला कळेनासं झालं. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते अंगणाचं. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या त्या लोमा वेर्दे गावात एकच गॅरेज होतं आणि तिच्या अंगणात कायम दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या. पाटीवर नाव नवऱ्याचं, अमारांतेचं. पण तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि इंजिनात हात घालायची ही. तो गेल्यावरही गाड्या येतच राहिल्या. मग तिचे कान गेल्याची बातमी पसरली आणि लोक गाड्या खालच्या शहरात न्यायला लागले. इंजिनाचं दुखणं ऐकावं लागतं, ते बहिरीला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. तोंडावर कुणी बोललं नाही. बोलले असते तरी काय, ओठ वाचायला ती केव्हाच शिकली होती.

ऑक्टोबरात एलिसेओ माएस आला. तिच्या मुलाचा हा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणत आणि आयुष्यभर अहो-जाहो करत आलेले. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या चुलींना याच्या जुन्या पिकअपमधून लाकूड यायचं. डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागलं होतं आणि पिकअप रुसली होती.

"कोमाद्रे, गाडी चढावर मरते," तो ओरडला.

"ओरडू नका. मिशा कापा, म्हणजे मला ओठ दिसतील."

त्यानं मिशा वर सारून सांगितलं. गाडी घरी झकास चालते, रिकामी असली तर कुठंही जाते. लाकूड भरून चढ लागला की मरते. जरा थांबलं की पुन्हा सुरू. कार्ब्युरेटर बदलून झाला, स्पार्क प्लग बदलले, पंपही नवा. हे सगळं त्याच्या मेहुण्यानं, फाकुंदोनं केलं होतं. फाकुंदो शेजारीच तोंडात चिरूट धरून उभा होता आणि इथं कशाला आलो, असा त्याचा चेहरा होता.

"बॉनेट उघडू का?" त्यानं विचारलं.

"कशाला? आत्ता ती बरी आहे. बऱ्या माणसाची नाडी बघून ताप कळतो का? लाकडं भरा. ती मरते तिथं जाऊ."

तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसले. एलिसेओनं गाडी चढाला घातली. डेल्फिनानं डावा तळहात समोरच्या पत्र्यावर टेकवला आणि डोळे मिटले. खाली ओढ्याजवळ इंजिन तळहातात गुबगुबीत चालत होतं, एका लयीत. अर्ध्या चढावर ती लय पातळ झाली. धक्का नाही, आचका नाही. धाप लागलेल्या माणसासारखी गाडी हळूहळू मावळत गेली आणि थांबली.

"दोष ठिणगीचा नाही," ती डोळे न उघडताच म्हणाली. "ठिणगी तुटली असती तर लाथ मारली असती तिनं. ही पेट्रोलवाचून उपाशी मेली. उतरा, लवकर! फाकुंदो, तो चिरूट पार त्या झाडाखाली न्या, आणि तुम्हीही तिथंच थांबा."

बॉनेट उघडून तिनं टाकीकडून येणारी नळी पंपापासून ओढून काढली आणि खाली कॉफीचा रिकामा डबा धरला. सीटमागची टाकी पंपापेक्षा उंच, तेव्हा पेट्रोल आपोआप धो धो यायला हवं होतं. आलं ते थेंब थेंब. ती तशीच वाकून बघत राहिली. आणि बघता बघता, कुणी हात लावलेला नसताना, नळीतून भडाभडा धार सुटली.

डेल्फिना हसली. कितीतरी महिन्यांनी अशी हसली.

"टाकीत काहीतरी पोहतंय, कोम्पाद्रे. चढावर इंजिन जोरानं ओढतं, तेव्हा ते तोंडाशी जाऊन चिकटतं. इंजिन मेलं की सुटतं. तुम्ही बॉनेट उघडेपर्यंत चोर पळालेला असतो."

लाकडं तिथंच रस्त्याकडेला उतरवून गाडी अंगणात आणली. सीट काढली, टाकी रिकामी केली. तळाशी रुपेरी वर्खाची एक चकती निघाली, अंगठ्याएवढी. डेल्फिनानं ती उन्हात धरली. इंजिन साफ करायच्या औषधाच्या बाटलीला तोंडावर असते तसली.

एलिसेओनं मेहुण्याकडे बघितलं. फाकुंदोनं डोंगराकडे.

"तूच ओतलंस ना ते औषध? उन्हाळ्यात?"

"गाडीच्या भल्यासाठीच ओतलं!"

"भलं बुचासकट ओतलंस की रे!"

दुपारी गाडी पुन्हा लाकडांनी शिगोशीग भरली. डेल्फिनानं एलिसेओला बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसली. गाडी मरायची त्या वळणावर तिनं मुद्दाम वेग कमी केला, ती ओझ्यानं पुरती दबू दिली आणि मग पाय खाली दाबला. पत्रा तिच्या हाताखाली थरथरला, लय जाडच राहिली. वर चर्चपाशी पोहोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं नाही. तशीच बसून राहिली. काही ऐकू येत नव्हतं, आणि सगळं कळत होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर फाकुंदो चर्चच्या अंगणात चार जणांना गोष्ट सांगत उभा होता. डेल्फिना भिंतीपाशी होती, पण त्याचे ओठ तिला स्वच्छ दिसत होते.

"मीच म्हटलं, बाई, एकदा टाकी बघा..."

"फाकुंदो!" आपला आवाज किती मोठा निघतो याचा तिला अंदाज नसायचा, चर्चमधून बाहेर येणारी माणसंही थबकली. "टाकी मी सांगितली! तुम्ही झाडाखाली होता!"

सगळं अंगण हसलं. फाकुंदोही हसला, दुसरं काय करणार. मग तो तिच्यासमोर आला, टोपी काढली आणि ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाला, "माझ्या गाडीचं क्लचचं काहीतरी आहे. उद्या आणू का?"

"आणा," ती म्हणाली. "पण रांगेत. उद्या आधी पाद्रीबाबांची येतेय."