आनंदाबाईंच्या मापाची न्हाणी

नाचणगावात कुणी नवं घर बांधलं की पाहुण्याला आधी देवघर दाखवतात, मग स्वयंपाकघर, आणि वेळ उरला तर बाकीचं. आनंदाबाईंकडे सगळं उलटं. पाहुण्यानं ओसरीत चपला काढल्या की त्या त्याला थेट न्हाणीकडे नेत. देव काय, कुठंही भेटतो. अशी न्हाणी गावात दुसरी नव्हती.

"हे पाहा, याले पाय नाईत," भिंतीला टांगलेल्या कमोडकडे बोट दाखवून त्या सांगत. "खालून फडकं फिरवाले मोकळं. टाकी भिंतीच्या आत, दिसतच नाई." मग वरचा ताटाएवढा शॉवर, हातात धरायचा दुसरा लहान शॉवर, पाय घसरू नये म्हणून खरबरीत ठेवलेल्या करड्या फरश्या, साबणासाठी भिंतीतच काढलेला कोनाडा आणि भिंतीला धरून बांधलेला काळ्या ग्रॅनाइटचा बसायचा ओटा. बाया तोंडात बोटं घालत. शेवटी आनंदाबाई ठरलेलं वाक्य टाकत, "माह्या मोहिनीनं केलं."

आणि त्यांनी का मिरवू नये? त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा न्हाणी म्हणजे मागच्या अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आडोसा आणि मध्ये एक दगड. बायांनी फटफटायच्या आत आंघोळ उरकायची, तीही अर्धी लुगड्यातच, कान रस्त्याकडे लावून. पुढे त्यांच्या नवऱ्यानं, रूपरावांनी, विटांच्या भिंती घातल्या, वर टिन टाकलं. दाराला मात्र कितीतरी वर्षं पोतंच लटकत होतं. घाईत आंघोळ करायची सवय त्यांच्या हाडात मुरली ती तेव्हापासून.

मोहिनी ही त्यांची धाकटी लेक. वर्ध्याला राहून तिनं घर आतून सजवायचं शिक्षण घेतलं आणि तिथल्याच एका टाइल्सच्या दुकानात लागली. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की रूपराव आधी खाकरत. संडास-बाथरूमची चित्रं काढते, हे चारचौघांत सांगायचं कसं? "दुकानात हाये," एवढं बोलून ते कापसाच्या भावावर येत. आनंदाबाईंना याचा राग येई. कलेक्टरची आई काय ताठ चालेल, अशा ताठ त्या चालत. गुडघे दुखत, तरी चालत.

नव्या घराचं काम निघालं तेव्हा मोहिनीनं न्हाणी आपल्या अंगावर घेतली. एका रविवारी तिनं आईला घरातल्या पाटावर बसवलं, मग स्टुलावर, मग तेलाच्या पिंपावर, आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "आता हात न टेकता ऊठ." जिथून आई सहज उठली तिथली उंची तिनं टेपनं मोजली. बसल्यावर हात कुठवर पोचतो, पाय कुठं टेकतात, उठताना तोल कोणत्या बाजूला जातो, सगळं पाहिलं.

"ब्लाऊज शिवून राह्यली का वं?" आनंदाबाई वैतागून म्हणाल्या.

"न्हाणी शिवून राह्यली, आई. तुह्या मापाची."

न्हाणी झाली ती खरोखर अंगाबरोबर बसावी अशी. ओट्याची उंची आनंदाबाईंच्या गुडघ्यांची, स्टीलचा दांडा त्यांच्या उजव्या हाताशी, नळ वाकावं लागणार नाही अशा जागी. वास्तुपूजेला आलेल्या सगळ्या गावानं ती पाहिली.

फक्त एक गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. त्या न्हाणीत आनंदाबाईंनी एकदाही आंघोळ केली नव्हती. नव्या साडीची घडी मोडवत नाही ना, तसं झालं होतं. काळ्या मातीनं भरलेले पाय घेऊन तिथं जायचं? खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग त्या चकचकीत नळांवर पाडायचे? लेकीच्या कामाला आपल्याच हातानं डाग? छे. त्या रोज कोरड्या फडक्यानं नळ पुसत, फरशी पुसत, दार लावून घेत आणि बादली उचलून मागच्या टिनाच्या न्हाणीत जात. रूपरावांनाही त्यांनी इकडे फिरकू दिलं नाही. वास्तुपूजेपासून मोहिनीला गावी यायला सवड झाली नव्हती, त्यामुळे तिला यातलं काही माहीत नव्हतं.

वैशाखात मोहिनीचा फोन आला. सिंदी मेघेला सुनीतीबाई नावाच्या शिक्षिका घर बांधत होत्या. त्यांची म्हातारी आई न्हाणीत पडली होती, तेव्हापासून आंघोळ म्हटलं की रडायची. सुनीतीबाईंना पुढच्या आठवड्यात येऊन मोहिनीचं काम बघायचं होतं. पसंत पडलं तर सगळ्या घराचं काम मोहिनीला. दुकानाचं नाही, तिचं स्वतःचं, पहिलंच. "मी त्याईले सांगतलं, माही आई रोज एकटीनं आंगोळ करते तेथं," मोहिनी म्हणाली. आनंदाबाईंनी तोंड उघडलं. पण पोरगी इतकी खुशीत होती की त्यांना खरं बोलवेना. मधल्या दिवसांत देवळीला भाच्याचं लग्न होतं, घर बंद करून दोघं तिकडे गेली. उन्हाचा नुसता जाळ होता.

पाहुण्या यायच्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीचं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. गटाराचा भपकारा. त्यांनी उदबत्ती लावली, कापूर जाळला, शेवटी धुपाटणं आणून ठेवलं. वास हटेना, उलट गटारातच पूजा मांडल्यासारखा झाला. आपल्या पोरीनं काहीतरी चुकीचं जोडलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःचाच संताप आला. तेवढ्यात वर्ध्याच्या बसनं मोहिनी येऊन पोचली.

तिनं दारातूनच वास घेतला, वाकून फरशीच्या जाळीवर टॉर्च मारला आणि वळून आईकडे बघितलं.

"आई, येथं कोणी आंगोळच केली नाई का?"

आनंदाबाई धुपाटणं उचलून बाजूला ठेवू लागल्या.

"या जाळीखाली पाणी भरून राह्यते. तेच खालचा वास अडवते. वापरलंच नाई त उन्हानं आटून जाते." मोहिनीनं टॉर्च बंद केला. "काऊन वं, आई? तुले नाई आवडली?"

हा प्रश्न आनंदाबाईंना जिव्हारी लागला. "आवडली नाई? अवं, खराब होईन म्हणून जपली. कोणाची नजर लागल अशी वस्तू अन् मी तेथं मातीचे पाय धुवू?"

"पाय धुवाले त केली, आई."

दोघींना रडू येत होतं आणि दोघींना रडायला वेळ नव्हता. मोहिनीनं जाळीत बादलीभर पाणी ओतलं, कमोडमध्ये ओतलं, खिडकी उघडली, पंखा लावला. पंधरा-वीस मिनिटांत वास गेला. मग तिनं कपाटातून आईचं लुगडं आणि टॉवेल काढला, आईच्या हातात दिला आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

सुनीतीबाई आल्या तेव्हा रूपराव त्यांना ओसरीत पाणी देत होते आणि आत पाण्याचा आवाज चालू होता. मोहिनी न्हाणीच्या दाराशी उभी राहून ओढणी पिळत होती. बऱ्याच वेळानं कडी निघाली. ओले केस, कपाळावर कुंकू नाही, चेहरा लाल, अशा आनंदाबाई बाहेर आल्या. मागं फरशी ओली, कोनाड्यात साबण घसरलेला, दांड्यावर टॉवेल.

"ओलं हाये, बाई, सांभाळून," त्या म्हणाल्या.

सुनीतीबाईंनी आत जाऊन ओल्या फरशीवर पाय दाबून बघितला. ओट्यावर बसल्या, उठल्या. मग विचारलं, "तुम्ही रोज इथंच आंघोळ करता ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण लेकीच्या कामाला खोट्याचा टेकू द्यायचा, हे आनंदाबाईंना पटेना.

"नाई. आजच पह्यल्यांदा केली," त्या म्हणाल्या. "जपून ठेवली होती, येडी मी. पण सांगू का, बाई? या घरात लग्न होऊन आली तवापासून आज पह्यल्यांदा मी सावकाश आंगोळ केली. कान रस्त्याकडं लावावा लागला नाई. उठताना कोणाले हाक मारावी लागली नाई. माही पोरगी शाळेत मास्तरीन नाई झाली, सरकारी नोकरीत नाई लागली. पण असं काम करते की माह्यासारखीले आंगोळ करताना भेव लागू नये. मले याहून मोठं काई माहीत नाई."

सुनीतीबाईंनी स्टीलचा दांडा धरून बघितला. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची आई असणार. मग त्या मोहिनीकडे वळून म्हणाल्या, "आमच्या आईचं माप घ्यायला कधी येतेस?"

ओसरीत रूपराव खाकरले नाहीत. शेजारचा कैलास कुंपणाशी येऊन कोण आलं म्हणून विचारत होता, त्याला ते मोठ्यानं सांगत होते, "मोहिनीले न्हाणी बनवाचं काम भेटलं. सिंदी मेघेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून रूपराव नव्या न्हाणीशी आले, तर कडी आतून. ते बराच वेळ उभे राहिले, मग दार वाजवलं.

"आटप ना वं."

पाण्याचा आवाज थांबला नाही.

"थांबा," आतून आनंदाबाई म्हणाल्या. "माह्या मापाची हाये."